गोराईच्या जेट्टीवरचं क्रियापद

बाई,

तुम्हाला जाऊन आता वीस वर्षं होऊन गेली, आणि या आठवड्यात तुमच्याशी बोलल्याशिवाय माझं एकही पान पुढे सरकलेलं नाही. म्हणून लिहायला बसले आहे. रविवारची सकाळ आहे, आई आत भाजी निवडत रेडिओशी वाद घालते आहे, आणि समोर टेबलावर एका जुन्या खलाशाचं प्रवासवर्णन उघडं पडलंय. त्याचं मराठी भाषांतर मी गेलं वर्षभर करते आहे. दिवसा अंधेरीच्या एका स्टुडिओत मालिकांची सबटायटल्स लिहायची आणि सुट्टीत हे पुस्तक, असं चाललं आहे. पुस्तकाच्या शेवटच्या, बाराव्या प्रकरणात एक वाक्य आलं. कित्येक दिवस पाण्याशिवाय काही न पाहिलेल्या त्या लोकांना शेवटी जमीन दिसते, आणि ‘दिसते’ या जागी त्या माणसाने तुमचं क्रियापद वापरलंय. डिस्क्राय. ते वाचलं आणि मी एकटीच हसले. आईने आतून विचारलं, काय झालं. मी म्हटलं, बाई आल्या.

तुम्ही आठवीला आमच्या वर्गावर आलात तेव्हा आम्हाला तुमची भीती वाटली नाही, खरं सांगायचं तर गंमतच वाटली. बोरिवलीची आमची मराठी शाळा, इंग्रजी म्हणजे पाठ करायचा विषय, आणि शिकवायला आलेल्या बाई थेट मराठवाड्यातल्या. वर्गात तुमची मराठी अगदी पुस्तकातल्यासारखी असायची, पण आनंद झाला किंवा राग आला की गाव बाहेर पडायचं. ‘काय करायलीस?’ असं तुम्ही एकदा मागच्या बाकावरच्या मुलीला विचारलंत आणि सगळा वर्ग आठवडाभर एकमेकांना तेच विचारत फिरत होता. तुम्हाला ते कळलं होतं. तुम्ही फक्त पुढच्या सोमवारी फळ्याच्या कोपऱ्यात एक इंग्रजी शब्द लिहिलात आणि सांगितलंत की यापुढे दर आठवड्याला एक क्रियापद, आणि तेही सोपं नाही, जे परीक्षेत येणार नाही असंच. का, असं कुणीतरी विचारलं. तुम्ही म्हणालात, नाम पाठ करता येतं, क्रियापद करून बघावं लागतं.

पहिली दोन-तीन क्रियापदं वर्गातल्या वर्गात उरकली. मग डिस्क्राय आलं. तुम्ही स्पेलिंग लिहिलंत, त्याच्या पोटात ‘क्राय’ आहे हे बघून अर्ध्या वर्गाने अर्थ आपापला ठरवून टाकला. माझ्या शेजारणीने वहीत वाक्य केलं की माझी आई कांदा चिरताना डिस्क्राय करते. तेच वाक्य माझ्याही वहीत होतं, कारण माझ्या वहीतलं सगळंच तिच्या वहीतलं असायचं, तिच्या चुका आणि तिने समासात काढलेली फुलंसुद्धा. तुम्ही दोन्ही वह्या शेजारी ठेवून बराच वेळ पाहत राहिलात. मग चष्मा पुसत म्हणालात की कांदा नाही, समुद्र लागेल याला.

मुख्याध्यापकांनी तुम्हाला विचारलं होतं म्हणे, की इंग्रजीच्या तासाला समुद्र कशाला. तुम्ही अर्जावर ‘निसर्ग निरीक्षण’ असं लिहिलंत आणि शनिवारी सकाळी आम्हा बत्तीस जणांना घेऊन गोराईला निघालात. खाडी ओलांडायला बोट, पलीकडे टांगे. एकेका टांग्यात आठ-आठ जण कोंबलेले. तुम्ही आमच्याच टांग्यात, मांडीवर पर्स घट्ट धरून, घोडा दचकला की तुम्हीही दचकायचात. वाटेत तुम्ही सांगितलंत की तुम्ही समुद्र पहिल्यांदा पाहिलात तो सव्विसाव्या वर्षी, नोकरीला मुंबईला आलात तेव्हा, आणि इतकं पाणी एका जागी आहे आणि पिता येत नाही याचा तुम्हाला रागच आला होता. आम्ही हसलो. तुमच्या गावात पाणी बघायला नाही, एसटी बघायला पोरं बांधावर बसायची. आधी नुसता धुरळा. मग धुरळ्यात काहीतरी लाल. मग कुणीतरी म्हणायचं आली, कुणी म्हणायचं ती नव्हे, ट्रक आहे, आणि पाटी वाचता येईपर्यंत भांडण चालायचं. तुमची मोठी बहीण लग्न होऊन गेल्यावर पहिल्यांदा माहेरी आली ती त्याच गाडीने, आणि गाडी धुरळा असतानाच तुम्ही ओरडत घरी पळत गेला होतात की ताई आली. कुणालाही दिसली नव्हती, तुम्हाला दिसली होती. ‘बघणं वेगळं,’ तुम्ही म्हणालात, ‘आणि डोळे ताणताणून लांबचं काहीतरी हळूहळू ओळखू येणं वेगळं. ते डिस्क्राय.’

किनाऱ्यावर तुम्ही आम्हाला एका ओळीत उभं केलं आहे. वारा आहे, तुमचा पदर तुम्ही कमरेला खोचला आहे. लांब, पाणी आणि आभाळ जिथे एक होतात तिथे एक होडी आहे असं सगळे म्हणतायत. खेळ असा की प्रत्येकाने ‘आय डिस्क्राय’ म्हणून एक गोष्ट सांगायची, आधी कुणी सांगितलेली चालणार नाही. एकाने होडी सांगितली, दुसऱ्याने काठीवरचं फडकं, तिसऱ्याने दोन माणसं, कुणी जाळं, कुणी एक माणूस बसलाय आणि एक उभा आहे असं. ओळ माझ्याकडे सरकत होती आणि माझ्यासमोर फक्त एक राखाडी चादर होती. होडीच नव्हती, तर होडीतलं काय सांगणार? आता वाटतं, तेव्हा तसंच सांगून टाकायला हवं होतं. पण मला हे माहीतच नव्हतं की इतरांना दिसतं. मला वाटायचं, सगळेच अंदाजाने बोलतात आणि माझा अंदाज तेवढा चांगला नाही. फळ्याचंही तसंच वाटायचं. म्हणून मी आवाज चढवून म्हटलं, मला हिरव्या साडीतली एक बाई दिसते आहे.

सगळ्यांनी होडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आमच्या वर्गात गोराईचीच एक मुलगी होती, रोज बोटीने शाळेला यायची. ती म्हणाली की आमच्याकडे बायका मासे विकायला जातात, होडीवर कुणी जात नाही, आणि ती होडी तिच्या काकांची आहे. मग जे हसू फुटलं ते मला आजही ऐकू येतं. तुम्ही हसला नाहीत. तुमचा चेहरा उतरला होता, कारण आदल्याच आठवड्यात वह्या पाहून तुमच्या मनात माझ्याबद्दल काहीतरी ठरत आलं होतं. तुम्ही म्हणालात, ‘दिसत नसेल तर दिसत नाही म्हणावं. खोटं कशाला बोलतेस? नक्कलही करतेस आणि खोटंही बोलतेस.’ आणि पुढच्या मुलीकडे वळलात.

परतीच्या बोटीत मी कडेला बसून रडत होते. तुम्ही येऊन शेजारी बसलात. समजूत घालायला नाही, तो तुमचा स्वभाव नव्हता. बोट मध्यावर आली तेव्हा तुम्ही सहज म्हणालात की चल, आता खरं खरं सांग, समोरच्या जेट्टीच्या पाटीवर काय लिहिलंय. मी विचारलं, कुठली पाटी. तुम्ही म्हणालात, ती काय, निळी. मी विचारलं, जेट्टी कुठे आहे.

तुम्ही स्वतःचा चष्मा काढलात, त्याच्या काड्या माझ्या कानांवर अडकवल्यात, नाकावर बोटाने सावरून धरलात आणि विचारलंत, ‘आता? दिसायलंय का काही?’

तुमचा नंबर माझ्यापेक्षा जास्त होता. डोळे आत कुणी ओढतंय असं वाटलं. पण आधी त्या राखाडीत एक निळा ठिपका आला, ठिपक्याला कडा आल्या, कडांच्या आत पांढरं काहीतरी वळवळलं आणि त्याची अक्षरं झाली. खाडीच्या काठची खारफुटी म्हणजे मला वाटायचं एक हिरवी भिंत. तिच्यात फांद्या निघाल्या, एका फांदीवर बगळा निघाला. मी नुसती मान हलवली. तुम्ही बिनचष्म्याच्या, डोळे बारीक करून माझ्या तोंडाकडे बघत होतात आणि पुन्हा विचारत होतात, दिसायलंय का गं, खरंच दिसायलंय? उतरेपर्यंत आपण दोघींनी तो चष्मा आळीपाळीने घातला. उतरताना फळीवर पाय ठेवायची वेळ आली तेव्हा तो माझ्या नाकावर होता आणि तुम्ही मला म्हणालात, आता तू मला हात दे.

सोमवारी तुम्ही वर्गात आलात, हजेरी घेतली नाही, खुर्चीवरही बसला नाहीत. म्हणालात, शनिवारी मी हिला सगळ्यांसमोर खोटारडी म्हटलं. ती खोटारडी नाही, तिला लांबचं दिसत नाही, आणि हे मला दोन महिन्यांत कळलं नाही. चूक माझी. मग माझ्याकडे बघून इंग्रजीत सॉरी म्हणालात आणि मला उचलून पहिल्या बाकावर बसवलंत. बाई, मी त्यानंतर पुष्कळ ठिकाणी काम केलं, पुष्कळ साहेब पाहिले. चूक झाल्यावर ती बत्तीस जणांसमोर, उभं राहून, कुणी मागितलेली नसताना कबूल करणारं माणूस मला अजून दुसरं भेटायचंय.

त्याच संध्याकाळी तुम्ही आमच्या घरी आलात. आईने स्वयंपाकघरातच पाट दिला, कारण बाहेरच्या खोलीत बाबा रात्रपाळीसाठी झोपले होते. तिने थालीपीठ लावलं. तुम्ही चष्म्याचा विषय काढलात आणि आईने लगेच तिची बाजू मांडली: मुलीची जात, आत्तापासून चष्मा लागला तर पुढे लग्नाला त्रास, गाजर खायला घालते, सकाळी गवतावर चालवते. तुम्ही ऐकून घेत होतात, थालीपीठ खात होतात. मग आईने माझी तक्रारही त्यातच उरकून घेतली. म्हणाली, बाई, अभ्यासाचं राहू द्या, हिला शिंगं फुटलीत. रोज सकाळी ही शाळेला निघते तेव्हा मी गॅलरीत उभी राहून हात करते. तिसऱ्या मजल्यावरून. ही गेटपाशी वळून वर बघते, माझ्याकडेच बघते, आणि तोंड फिरवून चालायला लागते. वर्ष झालं. आता मी पण हात करायचं सोडणार आहे.

तुम्ही ताटली खाली ठेवलीत. ‘ताई,’ तुम्ही म्हणालात, ‘तिला तुम्ही दिसतच नव्हता.’

आईच्या हातात उलथनं तसंच राहिलं आणि तव्यावरचं थालीपीठ करपलं. ते करपलेलं तुम्ही मागून घेतलंत आणि लोण्याबरोबर खाल्लंत, त्यानंतरचं एवढंच मला नीट आठवतं. दुसऱ्या दिवशी आईच मला डॉक्टरकडे घेऊन गेली. तपकिरी जाड फ्रेमचा चष्मा आला. पहिल्या सकाळी मी गेटपाशी वळून वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर गाऊन घातलेली, हातात चिमटा धरलेली माझी आई उभी होती आणि तो चिमटाच हलवत होती. मी दोन्ही हात वर केले. शाळेला उशीर झाला. तुम्ही कारण विचारलं नाहीत.

नंतर तुम्ही मला ती लांबट वही दिलीत, कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेली. सांगितलंत की हा शब्द जिथे जिथे भेटेल तिथलं वाक्य यात उतरवायचं. मी म्हटलं, बाई, कोण वापरतं हा शब्द? तुम्ही म्हणालात, तेच शोध. कॉलेज संपेपर्यंत ती वही भरली. डोलकाठीवर चढलेले खलाशी डिस्क्राय करतात, टेकडीवर लपलेले सैनिक करतात, वाट चुकलेला प्रवासी दूरच्या घरातला दिवा डिस्क्राय करतो. घरात मात्र कुणीच करत नाही. मिठाची बरणी कुणी डिस्क्राय केल्याचं मला एकाही पुस्तकात सापडलं नाही. कवी तर या शब्दावर फारच खूश, आणि त्याचं कारण तुम्हीच फोडलंत: ओळीच्या शेवटी ‘स्काय’ आलं की दुसऱ्या ओळीला हा पठ्ठ्या तयारच असतो. जुन्या पुस्तकांत लांबचंच नाही, लपलेलंही डिस्क्राय करतात. मनातलं कपट, चेहऱ्यामागचं दुःख. आणि सगळ्यात जुना अर्थ सापडला तेव्हा मी धावत तुमच्या स्टाफरूममध्ये आले होते. मुळात तो शब्द बघण्याचा नव्हताच, ओरडून जाहीर करण्याचा होता. म्हणजे पोटातलं ते ‘क्राय’ खरंच होतं, फक्त रडण्याचं नव्हतं. तुम्ही टेबलावर हात आपटून म्हणालात, मग, मी धुरळा बघून ओरडत पळाले होते ते काय होतं?

आणि ते कात्रण आठवतं? एका इंग्रजी पेपरात ‘डिक्राय’, म्हणजे निंदा करणे, या जागी, एक अक्षर जास्त पडून, हे क्रियापद छापलं गेलं होतं. विरोधकांनी सरकारी निर्णयाचा निषेध करण्याऐवजी तो क्षितिजावर अंधुकसा ओळखला होता. मी ते मुलुंडला तुमच्या लेकीच्या घरी घेऊन आले होते. तुम्ही निवृत्त होऊन तिथे राहायला गेला होतात, भिंतीवर बुद्धाची छोटी तसबीर होती आणि तिच्याखाली तुमची खुर्ची. तुम्ही इतक्या हसलात की लेक बाहेर आली. हसून झाल्यावर म्हणालात, यांनी निर्णय निदान लांबून तरी पाहिला, बाकीच्यांनी तेवढंही केलेलं नाही. ती आपली शेवटची भेट. मग मी दिल्लीला गेले, आणि तुम्ही गेल्याचं महिन्याने एका मैत्रिणीच्या फोनवर कळलं.

तर ते खलाशाचं वाक्य. मी ‘जमीन दृष्टीस पडली’ लिहिलं, खोडलं. पडली म्हणजे आयती पडली. ‘हेरली’ लिहिलं, तर खलाशी चोरासारखे वाटायला लागले. ‘न्याहाळली’ म्हणावं तर ते जवळून, निवांतपणे. एका जुन्या कोशात ‘दृष्टोत्पत्तीस येणे’ मिळालं, ते मोठ्याने वाचल्यावर आईने आतून विचारलं, कोण बाळंत झालं. स्टुडिओत माझ्या शेजारी एक तरुण सहकारी बसते. तिचं म्हणणं, ‘जमीन दिसली’ लिहा ना मॅम, कशाला लोड घेता, यार. तिचंही बरोबर आहे, नव्वद टक्के वाचकांना तेच पुरेल. पण जमीन एकदम दिसत नाही ना. आधी धुरळा असतो, मग त्यात काहीतरी लाल.

गुरुवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडता उघडता ते आपोआप झालं. डोलकाठीवरचा माणूस खाली ओरडतो, तिथे मी लिहिलं: ‘दिसायलंय!’ आणि त्याखालच्या ओळीत, ‘किनारा हळूहळू दिसायला लागला होता.’ मी डबा तसाच ठेवून ते चार वेळा वाचलं. संपादकांना पाठवलं तर त्यांचा फोन आला. सभ्य माणूस आहे, पुण्याचे आहेत. म्हणाले, शब्द सुंदर आहे, पण हा मराठवाड्यातला खलाशी कुठून आणला तुम्ही, तिकडे समुद्र आहे का? मी म्हटलं, समुद्र नाही म्हणूनच तिकडच्या माणसांना लांबचं दिसतं. ते म्हणाले की ठीक आहे, राहू द्या, पण एकदाच. बाई, आयुष्यात संपादकाशी भांडून मी एवढी एकच ओळ वाचवली आहे, आणि त्या ओळीत एकच शब्द आहे. तोही माझा नाही.

आता पुस्तक छापायला चाललंय आणि अर्पणपत्रिकेचं पान माझ्याकडे मागितलंय. ते कुणाला करायचं याचा विचारच करावा लागला नाही. पेन उचललं आणि थांबले. तुम्हाला आम्ही आडनावापुढे बाई लावून हाक मारायचो, हजेरीपटावर तुमची आद्याक्षरं असायची, घरी आलात तेव्हा आईनेही नाव विचारलं नव्हतं. इतकी वर्षं मी तुमच्याकडे येत-जात राहिले, तुमच्या एका शब्दासाठी कोश पालथे घातले, आणि मला तुमचं नाव माहीत नव्हतं. मुलुंडला तुमच्या लेकीला फोन केला. ती आधी हसली, मग तिचा आवाज जरा बदलला, आणि तिने सांगितलं. छान नाव आहे बाई. तुमच्या आईने हौसेने ठेवलेलं असणार.

कागदावर ते लिहिलंय मी, पेन्सिलीने. हे पत्र कुठे धाडायचं नाहीये, म्हणून कबूल करते: नाव कळून दोन दिवस झाले, पण ते मी अजून एकदाही मोठ्याने उच्चारलेलं नाही. काल घरात कुणी नसताना प्रयत्न केला, तर आपोआप उठून उभी राहिले, आणि तरीही तोंडातून ‘बाई’ एवढंच आलं.